पेच पडला की डाव जिंकला?

प्रश्न : आम्ही मित्र सुट्टीत ‘नॉमिक’ नावाचा खेळ खेळतो. त्यात खेळाचे नियम बदलणे हीच मुख्य खेळी असते. परवा एका मित्राने ‘जो हा नियम पाळतो त्याने तो मोडला असे समजावे’ असा नियम मंजूर करून घेतला आणि आता तर्काचा पेच पडला, म्हणजे मी जिंकलो, असे जाहीर केले. दुसऱ्याचे म्हणणे असे की नियमांत विसंगती आली की खेळच संपला, कोणीच जिंकले नाही. तिसरा म्हणतो, विसंगतीतून काहीही सिद्ध करता येते, तेव्हा माझे शंभर गुण झाले हेही सिद्ध होते. यात खरे कोणाचे? – एक वाचक

उत्तर : तिघांच्याही म्हणण्यात थोडे थोडे तथ्य आहे, पण निकाल कोणाच्याच बाजूने देता येत नाही. ते का, हे समजायला आधी या खेळाची मांडणी पाहू. ज्यांनी तो कधी खेळलेला नाही त्यांचीही सोय होईल.

नॉमिक हा खेळ पीटर सूबर यांनी १९८२ साली तयार केला. अमेरिकेत इंडियाना राज्यातल्या अर्लहॅम कॉलेजात ते तत्त्वज्ञान शिकवत. त्याच वर्षी जून महिन्यात डग्लस हॉफस्टॅटर यांनी ‘सायंटिफिक अमेरिकन’ मासिकातल्या आपल्या सदरातून तो वाचकांपुढे आणला आणि तिथून तो जगभर गेला. सुरुवातीला खेळाडूंच्या हाती २९ नियम असतात. १०१ ते ११६ हे सोळा नियम पक्के, तर २०१ ते २१३ हे तेरा कच्चे. आपली पाळी आली की एक ठराव मांडायचा, त्यावर मतदान घ्यायचे आणि मग फासा टाकून पडतील तितके गुण घ्यायचे. जो आधी १०० गुण गाठेल तो जिंकला. कच्चा नियम ठरावाने बदलता किंवा रद्द करता येतो. पक्क्याला हात लावायचा असेल तर आधी सर्वांच्या एकमताने तो कच्चा करून घ्यावा लागतो. नव्या ठरावांना ३०१ पासून पुढचे क्रमांक मिळतात.

आता एकेक दावा घेऊ.

विसंगती आली की खेळ संपतो का?

दुसऱ्या मित्राची शंका साहजिक आहे, पण सूबर यांनी तिचे उत्तर नियमावलीतच देऊन ठेवले आहे. नियम २१३ तीन परिस्थिती सांगतो. एक, नियम असे बदलले की पुढे खेळणेच अशक्य झाले. दोन, एखादी खेळी वैध की अवैध याचा अंतिम निर्णय लागेना. तीन, पंचाने बुद्धी पणाला लावूनही एखादी खेळी जितकी वैध तितकीच अवैध दिसली. यांपैकी काहीही झाले तर ज्या खेळाडूला सर्वांत आधी आपली पाळी पूर्ण करता येत नाही तो विजयी ठरतो. विजेता ठरवणाऱ्या इतर नियमांवर हा नियम मात करतो, असेही तिथे लिहिले आहे.

म्हणजे पेच पडला की डाव मोडत नाही, तो निकाली निघतो. मात्र पेचाला ही किंमत तर्कशास्त्राने दिलेली नाही. ती २१३ क्रमांकाच्या नियमाने दिली आहे आणि हा नियम कच्चा आहे. उद्या तुमच्यापैकी कोणी तो रद्द करणारा ठराव मंजूर करून घेतला, तर जगातला सर्वांत देखणा पेच घालूनही तुमच्या खात्यात एक गुण जमा होणार नाही.

बारकाईने वाचणारा इथे एक हरकत घेईल. नियम ११२ पक्का आहे आणि तो सांगतो की जिंकणे म्हणजे अमुक इतके गुण मिळवणे, ही व्याख्या बदलता येणार नाही. मग कच्चा २१३ पेचात अडकलेल्याला कसा जिंकवतो? उत्तर ११२मध्येच आहे : खेळ पुढे चालवता येत नसेल तेव्हा विजेता ठरवणारे नियम करता येतात आणि ते कच्चे असेतोवर बदलता किंवा रद्दही करता येतात, अशी सवलत तो स्वतःच देतो.  पेच घालून जिंकायचे असेल त्याने हे उत्तर आधीच तयार ठेवावे.

विसंगतीतून काहीही सिद्ध होते का?

तिसऱ्या मित्राने तर्कशास्त्राचे पुस्तक उघडलेले दिसते. पारंपरिक आकारिक तर्कशास्त्रात ‘अमुक आहे’ आणि ‘अमुक नाही’ ही दोन्ही विधाने एकदा मान्य केली की त्यांतून हवे ते विधान काढून दाखवता येते. ‘माझे शंभर गुण झाले’ हेही त्यात आलेच.

पण नॉमिकमध्ये निकाल देणारा पंच असतो. नियमांच्या अर्थाबद्दल वाद झाला की ज्याची पाळी चालू आहे त्याच्या आधीचा खेळाडू पुढची पाळी सुरू होईपर्यंत पंच होतो, असे नियम २१२ म्हणतो. त्याने निकाल नियमांना धरून द्यायचा असतो, पण नियम गप्प असतील, एकमेकांशी विसंगत असतील किंवा त्यांचा अर्थ स्पष्ट नसेल, तर त्याने आधी खेळातला रिवाज आणि खेळाचा हेतू पाहायचा. विसंगती सापडल्यावर पंचाने काय करायचे हे इतक्या नेमकेपणाने सांगितलेले असताना तिथून शंभर गुणांपर्यंत उडी मारता येत नाही. कोर्टातही असेच चालते. दोन कलमे एकमेकांना छेद देतात म्हणून वाटेल तो दावा मंजूर करणारा न्यायाधीश कोणी पाहिलेला नाही.

पहिल्या मित्राचा नियम कुठे कमी पडला?

आता ज्याने नियम आणला त्याच्याकडे वळू. ‘जो हा नियम पाळतो त्याने तो मोडला असे समजावे.’ या वाक्याचे कूळ जुने आहे. ‘मी बोलतो ते सगळे खोटे’ या धाटणीचे हे कोडे ग्रीक तर्कज्ञांनी सोडवायला घेतले होते, आपल्याकडे भर्तृहरीनेही ‘वाक्यपदीय’ ग्रंथात त्याचा विचार केला आहे.

पण हा नियम खेळाडूला काय करायला सांगतो? काहीच नाही. फासा टाकू नको, ठराव मांडू नको, असे त्यात कुठेही नाही. तुमचा मित्र आरामात फासा टाकू शकत होता आणि पाळी पुढच्याकडे जाऊ शकत होती. वाक्य चक्रात फिरत राहिले तरी खेळी अडलेली नाही. नियम २१३ला मात्र अडलेली खेळी हवी असते. म्हणून पहिली अट अशी की पेच एखाद्या कृतीला बांधलेला हवा, आणि ती कृती केल्याशिवाय पाळी पूर्ण होऊ नये.

मग दोन उलटे नियम करून भागेल का?

हा विचार बहुतेकांच्या मनात येतो. ३०१ म्हणतो, पाळीत टाळी वाजवावी. ३०२ म्हणतो, टाळी वाजवू नये. झाला पेच!

पण झाला नाही. दोन कच्चे नियम भांडू लागले तर लहान क्रमांकाचा जिंकतो, असे नियम २११ सांगतो. म्हणजे ३०१ची सरशी आणि टाळी वाजवायची. पक्का आणि कच्चा भांडले तर नियम ११०प्रमाणे पक्का जिंकतो. दोन्ही कच्चे नियम ‘माझेच खरे’ म्हणू लागले, किंवा दारात उभ्या राहिलेल्या दोन पाहुण्यांसारखे ‘आधी तुम्ही, आधी तुम्ही’ करू लागले, तरीही २११ पुन्हा क्रमांकच बघतो. परस्परविरोध आणि पेच या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, हा यातला धडा. विरोध असेल तर ज्येष्ठता ठरवून तो मिटवता येतो. ज्येष्ठता ठरवूनही जो मिटत नाही तो खरा पेच.

नियमाने स्वतःबद्दल बोलले की पेच होतो का?

हा आणखी एक पसरलेला समज. ‘हा नियम मंजूर होताच रद्द व्हावा’ असा ठराव आणला तर काय होईल? नियम ११५ अशा ठरावाला अडवत नाही. नियमाने स्वतःलाच हात घातला, एवढ्या कारणाने कोणताही बदल नियमबाह्य ठरत नाही, असे तो उघड सांगतो. आणि पेचही पडत नाही, कारण मध्ये काळ आहे. नियम १०७प्रमाणे कोणताही बदल मतदान पूर्ण होण्याआधी लागू होत नाही आणि मागच्या काळाला लागू करता येत नाही. नियम आला, तो अमलात आला, मग तो गेला. आधीचे आणि नंतरचे एकमेकांच्या आड येत नाहीत. स्वतःचा उल्लेख हा पेचाचा कच्चा माल आहे, पण एवढ्याने तो तयार होत नाही. दोन्ही बाजू एकाच क्षणी खऱ्या ठरायला हव्यात.

खरा पेच कसा दिसतो?

कृती, क्रमांक आणि काळ या तिन्ही चाळण्यांतून पार पडेल असे एक उदाहरण घेऊ. समजा ३०५ हा नियम असा झाला : ‘पाळी संपवण्यापूर्वी खेळाडूने एकदा टाळी वाजवावी, मात्र जो कारभारी असेल त्याने वाजवू नये.’ कारभारी अजून कोणीच नाही, त्यामुळे सगळे मजेत टाळ्या वाजवतात. काही पाळ्यांनंतर तुम्ही ३११ मांडता : ‘ज्या क्षणी ज्याच्यावर टाळी वाजवण्याचे बंधन असेल, त्या क्षणी तोच कारभारी, दुसरे कोणी नाही.’

आता तुमची टाळी तपासू. तुम्ही कारभारी आहात असे धरा. मग ३०५प्रमाणे तुम्हाला टाळी वाजवायची नाही, म्हणजे बंधन नाही, म्हणून ३११प्रमाणे तुम्ही कारभारी नाही. बरे, कारभारी नाही असे धरा. मग टाळीचे बंधन आहे, म्हणून ३११प्रमाणे तुम्ही त्याच क्षणी कारभारी आहात. कुठूनही निघाले तरी उलट टोकाला पोहोचतो. टाळी वाजवली तर चूक आणि न वाजवली तरी चूक, आणि त्याशिवाय पाळी संपत नाही.

क्रमांकाचा उपाय इथे चालत नाही, कारण एकाच कृतीबद्दल दोन उलटे हुकूम इथे नाहीत. हुकूम एकटा ३०५ देतो आणि ३११ फक्त कारभारी कोण ते सांगतो. ३०५ला ज्येष्ठ मानले तरी त्याला ‘कारभारी कोण?’ हे ३११लाच विचारावे लागते. काळाचा उपायही ‘त्या क्षणी’ या शब्दांनी बंद केला आहे. ते शब्द नसते तर पंच म्हणाला असता, ‘आधी तू कारभारी नव्हतास, टाळी वाजव, मग हो कारभारी’, आणि पेच तिथेच सुटला असता.

जिंकतो कोण?

पेच मंजूर झाला की तो घालणाराच जिंकतो, असे तुमच्या मित्राने गृहीत धरले. नियम २१३ पेच कोणी घातला हे विचारत नाही, आधी कोण अडकले एवढेच पाहतो. नियम २०५प्रमाणे ठराव मतदान संपताच लागू होतो, आणि त्या वेळी मांडणाऱ्याचा फासा अजून टाकायचा असतो. म्हणून पेच पाळीच्या शेवटाशी बांधला असेल, जसा वरच्या उदाहरणात आहे, तर सर्वांत आधी तुम्ही स्वतः अडकता आणि विजय तुमचा. पण पेच ठराव मांडण्याच्या कृतीशी बांधला असेल, तर तुमचा ठराव आधीच मांडून झालेला आहे. तुम्ही सुखरूप सुटता, पुढचा खेळाडू अडकतो आणि तुमच्या मेहनतीवर तो जिंकतो.

मंजुरीची वाटही सोपी नाही. पहिल्या दोन फेऱ्यांत ठरावाला सर्वांचे एकमत लागते, त्यामुळे एकाने जरी डाव ओळखला तरी ठराव पडतो आणि मांडणाऱ्याचे दहा गुण जातात. मधल्या काळात कोणी नियम २०३ बदलला नसेल, तर पुढे साधे बहुमत पुरते. पण मंजूर झालेल्या ठरावाविरुद्ध मत देणाऱ्याला दहा गुण मिळतात. एखादा नव्वदीच्या घरात असेल तर तुमच्या ठरावाला विरोध करूनच तो शंभरी गाठायचा. शिवाय नियम १११प्रमाणे पेच असलेल्या ठरावावर मतदानापूर्वी हरकत घ्यायला पुरेसा वेळ द्यावा लागतो, आणि नियम २१०प्रमाणे कोणाशी आधी संगनमतही करता येत नाही. म्हणूनच पेचाचे दोन तुकडे वेगवेगळ्या वेळी यावे लागतात आणि प्रत्येक तुकडा एकटा निरुपद्रवी दिसावा लागतो.

एवढा खटाटोप कशासाठी?

सूबर यांना हा खेळ सुचला तो कायद्यातल्या एका खऱ्या प्रश्नावर विचार करताना. डॅनिश कायदेपंडित आल्फ रॉस यांनी १९६९ साली ‘माइंड’ या नियतकालिकात तो मांडला होता. डेन्मार्कच्या राज्यघटनेचे ८८वे कलम घटनादुरुस्तीची रीत सांगते. त्याच रीतीने ते कलमच बदलले तर? नव्या कलमाला अधिकार मिळाला जुन्याकडून, आणि नवे कलम तर जुन्याला नाकारते. रॉस यांना ही तार्किक विसंगती वाटली. ती टाळण्यासाठी त्यांनी घटनेच्या वर एक न लिहिलेला, न बदलणारा नियम मानला.

सूबर यांनी १९९०च्या आपल्या ‘द पॅराडॉक्स ऑफ सेल्फ-अमेंडमेंट’ या ग्रंथात वेगळी वाट धरली. कायदा हा काही प्रमेयांचा गठ्ठा नव्हे, लोक आणि न्यायालये एखादा बदल मान्य करतात तेव्हा तो टिकतो, असे त्यांचे म्हणणे. डेन्मार्कचाच अनुभव पाहा. तिथे घटनादुरुस्तीसाठी जनमतकौलात एकूण मतदारांपैकी किमान ४५ टक्के लोकांचा होकार लागत असे. १९५३ साली ती अट पाळून नवी घटना मंजूर झाली आणि तिने ती अट ४० टक्क्यांवर आणली. रॉस यांच्या मते जे तर्कात बसत नव्हते, तसाच बदल डॅनिश लोकांनी मतपेटीतून करून टाकला होता.

आपल्या घटनेचे ३६८वे कलमही स्वतःबद्दल बोलते. या कलमात बदल करायचा तर संसदेच्या विशेष बहुमताबरोबर निम्म्या राज्यांच्या विधिमंडळांची संमतीही हवी, असे ते स्वतःच सांगते. १९७१च्या चोविसाव्या दुरुस्तीने ३६८व्या कलमानुसारच ३६८वे कलम बदलले गेले. १९७३च्या केशवानंद भारती खटल्यात तेरा न्यायाधीशांच्या पीठाने ती दुरुस्ती मान्य केली, पण सात विरुद्ध सहा अशा मताने एक मर्यादाही घातली : घटनेची मूळ चौकट मोडता येणार नाही. पुढे १९७६च्या बेचाळिसाव्या दुरुस्तीने ३६८मध्येच लिहून टाकले की संसदेच्या या अधिकाराला कसलीही मर्यादा नाही. मिनर्व्हा मिल्स खटल्यात मुंबईचे नानी पालखीवाला यांनी या पोटकलमाविरुद्ध युक्तिवाद केला आणि १९८० साली सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड यांच्या निकालाने ते रद्द झाले. मर्यादित अधिकार वापरून स्वतःलाच अमर्याद करून घेता येत नाही, हे त्यामागचे सूत्र. नॉमिकच्या भाषेत सांगायचे तर कागदावरच्या नियमाने काहीही म्हटले, तरी पंचाने खेळाचा हेतू पाहिला.

तुमच्या खेळातही हीच शेवटची आणि सर्वांत कठीण चाळणी आहे. पेच पडला आहे हे पंचाला प्रामाणिकपणे पटावे लागते आणि त्याचा निकाल इतर सर्व जण एकमुखाने फिरवत नाहीत तोवरच टिकतो. तो पंचही तुमचा प्रतिस्पर्धीच असतो. म्हणून पुढच्या डावात पेच घालायचा असेल तर चार गोष्टी तपासा : पाळी पूर्ण करायला लागणारी एखादी कृती अडते का, क्रमांकाने वाद मिटत तर नाही ना, आधी-नंतर अशी सोडवणूक निघत नाही ना, आणि सर्वांत आधी अडकणारे तुम्हीच आहात ना. मग आपला युक्तिवाद कागदावर एकेक पायरी लिहून पंचापुढे ठेवा आणि त्याला विचार करायला वेळ द्या. दमदाटीने किंवा गोंधळ माजवून मिळवलेला निकाल दुसऱ्या डावात कोणी मानत नाही. ज्याचा तर्क हरणाऱ्यांनाही वाचून कबूल करावा लागतो, तोच पेच नियम २१३ला हवा आहे.